मंगलच्या पायाखालचा पाट

अहो,

वर 'प्रिय' लिहायला घेतलं आन् माझं मलाच हसू आलं. सारा जन्म 'अहो' म्हणून हाक मारली, आता तुम्ही गेल्यावर काय प्रिय म्हणायचं? शाळा माझी तिसरीपर्यंतची. अक्षर वाकडं येईल, सांभाळून घ्या.

वर्ष झालं तुम्हाला जाऊन. इतके दिवस लिहावंसं वाटलं न्हाई. पण आज सकाळी पल्लवीनं विचारलं, "आजी, आबा असते तर त्यांनी काय केलं असतं?" आन् स्कुटीला किक मारून ती दौंडला वकिलाकडं गेली. संध्याकाळी आली की मला उत्तर द्यायचंय. तुम्हाला विचारल्याबिगर कसं देऊ?

आधी नातीचं कौतुक ऐका, मग रागवा. तुमचा स्टुडिओ तिनं असा चालवलाय की केडगाव स्टेशनात उतरलेलं माणूस नुसतं "पल्लवीताईचं दुकान" म्हणून विचारत येतं. गळ्यात दोन कॅमेरे, डोक्याला रुमाल. माझ्या मैतरणी म्हणतात, "तुझी नात लग्नात नवरीपेक्षा जास्त फिरते." मी म्हणते, फिरू द्या की. मला लई बरं वाटतं बघा.

आन् गिऱ्हाईकं तीच, तुमच्या वेळची. परवा एक मावशी आख्खा अल्बम घेऊन आली, का तर कुठल्याच फोटोत तिचा राणीहार दिसत न्हाई. एक जण म्हणाला, सुनेनं सोडचिठ्ठी घेतलीय, तिला व्हिडिओतनं काढा आन् बाकीचं लग्न तसंच ठेवा. पल्लवी हसत न्हाई, भांडत न्हाई. "काका, करारात काय लिहिलंय ते वाचू या," म्हणते. तिनं पाच पानांचा करार केलाय. त्यात एक अट अशी की लग्नाआधी दोघांच्या वयाचा दाखला द्यायचा. अल्पवयीन पोरीचं लग्न असलं तर फोटोवाल्याचं, मंडपवाल्याचं बी नाव केसमधी येतं म्हणे. "आजी, दाखला मागितला की लोक असे बघतात जशी काय मी त्यांची किडनी मागितली."

तर रविवारी शिरूरकडचे एक अण्णा आले. सोबत पुतणी आन् तिचा होणारा नवरा, रांजणगावला कंपनीत हाय तो. लग्न आठ दिवसांवर, फ्लेक्सवर लावायला जोडीचा फोटो पायजे होता. करारावर अण्णांची सही कवाच झालेली, दाखला तेवढा "उद्या देतो, उद्या देतो" चाललेलं.

मी आपली खुर्चीत शेंगा सोलत बसलेली. जोडी उभी राहिली. पोरगं ताडमाड, पोरगी त्याच्या छातीला. अण्णा म्हणाले, "जोडा उणा दिसतोय. पोरीच्या पायाखाली काहीतरी दे."

पल्लवी माळ्यावर चढली आन् खाली आली ती तो पाट घेऊन. तोच. सागवानी, एका कोपऱ्याला तडा गेलेला. तुम्ही भिंतीकडं तोंड करून ठेवलेला, तुम्ही गेल्यावर माळ्यावर गेलेला.

माझ्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

"तो पाट बाजूला ठेव," मी म्हणाले. पोरीला जवळ बोलवलं. "बाळा, शाळा कितवीची?"

तिनं चुलत्याकडं बघितलं. "नववीची परीक्षा दिलीय, आजी."

"दोनदा नापास झालीय," अण्णा हसले. "वय भरलंय तिचं."

"मग दाखला दाखवा," पल्लवी म्हणाली.

"तुला फोटो काढायचाय का जनगणना करायचीय? तू फोटो काढ. वय काढू नको."

अहो, तुमचेच शब्द ते. इतक्या वर्षांनी, तुमच्याच दुकानात, दुसऱ्याच्या तोंडातनं. तुमच्या हार घातलेल्या फोटोकडं बघायची माझी हिंमत झाली न्हाई.

पल्लवीनं कॅमेऱ्याला झाकण लावलं. अण्णा जाताना बोलून गेले, वकिलाची नोटीस देईन, आमच्या भावकीत एक लग्न मिळू देणार न्हाई. नोटीस काल आलीच. ऐन वेळी अडवलं, आमची अब्रू घालवली, असं कायबाय लिहिलंय. पल्लवीनं ती तीनदा वाचली. जेवली न्हाई. आन् सकाळी मला म्हणाली, "त्यांच्या गावच्या ग्रामसेवकाला कळवायला पाहिजे, आजी, असली लग्नं थांबवायचं काम त्याचं असतं. पण कळवलं तर हे लोक मला धंदा करू देणार नाहीत. गुपचूप फोटो काढून मोकळी होऊ का?" मग तिनं तुमच्याकडं बोट केलं आन् तो प्रश्न विचारला. तिला वाटतं, तुम्ही असं काम कवाच घेतलं नसतं.

काय सांगू तिला?

मंगल आठवते का तुम्हाला? न्हाई कशी आठवणार? दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तुम्ही म्हणत होता, "पाट काढ, तिच्या पायाखालचा पाट काढ." नर्स म्हणाली, तापात बरळतायत. मी तुमच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. मला ठाऊक होतं की तुम्ही बरळत नव्हता.

भांडगावची मंगल. तिच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढलेले. मंडपातल्या फोटोत ती लहान दिसली, म्हणून सासरा तिला घेऊन स्टुडिओत आला. मोठा फोटो पायजे, सून सुनेसारखी दिसली पायजे. तुम्ही पाट ठेवला. आन् तिच्या लुगड्याच्या निऱ्या खाली ओढून पाट कुणी झाकला? मीच की. मी वाकले होते तवा तिनं हळूच विचारलं, "काकू, मी केवढी दिसते?"

मी म्हणाले, "मोठी दिसतेस, बाई."

तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले. पण ते बोलणं माझ्या कानातनं जात न्हाई. नवी नवरी दुकानात शिरली की मी आधी तिचे पाय बघते.

दोन वर्षांनी ती आईला घेऊन आली. हातावर चटक्यांचे डाग. कोवळ्या वयात लग्न लावलं, छळलं म्हणून सासरच्यांवर तक्रार केलेली, आन् ते तोच मोठा फोटो सगळ्यांना दाखवत होते, बघा, पोरगी लग्नात केवढी मोठी होती. मंगल एवढंच म्हणाली, "काका, मी पाटावर उभी होते, तेवढं सांगा." तुम्ही म्हणालात, "आम्ही फोटो काढतो, बाई. वय न्हाई काढत." आई रडली. निगेटिव्ह तरी द्या म्हणाली. तुम्ही म्हणालात, पावसात भिजून गेल्या.

मंगल रडली न्हाई. कोपऱ्यातल्या पाटावर तिनं एक पाय ठेवला, काढला आन् निघून गेली. मग तुम्ही पाट उचलून भिंतीकडं फिरवलात. पुढं तिचं काय झालं ते आपण कुणालाच विचारलं न्हाई. भांडगाव काय लांब हाय का हो? एसटीनं किती येळा गेलो आपण तिथनं. तुम्ही दरवेळी दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायचा.

मी तुम्हाला दोष देत न्हाई, असं लिहिणार होते. पण आज दुपारी तो पाट पुसायला घेतला. उलटा केला, तर मागच्या आडव्या पट्टीच्या आतल्या अंगाला, धुळीत दडलेलं, चिकटपट्टीनं लावलेलं पाकीट. चिकटपट्टी पिवळी पडून कडक झालेली. आत एक निगेटिव्ह. उजेडाला धरून बघितली. नजर अधू झाली तरी तेवढं कळतं मला, जन्मभर तुमच्या निगेटिव्ह वाळवल्यात. लुगडं नीट करायच्या आधीचा फोटो तो, लाइट बघायला घेतलेला. मी वाकलेय. आन् मंगलच्या उघड्या पायांखाली पाट, तडा गेलेल्या कोपऱ्यासकट.

भिजली नव्हती. तुमच्यापाशी होती. ती दारात उभी होती तवा बी होती.

का हो ठेवलीत मग? जाळून का न्हाई टाकलीत? द्यायची होती का तुम्हाला, आज देऊ, उद्या देऊ करत? का रोज त्या पाटाकडं बघायचं, एवढीच शिक्षा स्वतःला दिली होती? मला सांगितलं असतंत तर मी चालत जाऊन दिली असती. दिली असती का? मी तरी कुठं विचारलं तुम्हाला? निऱ्या तर मीच ओढल्या होत्या.

तर माझं ठरलंय. पल्लवी आली की आधी तिला जेवायला वाढणार. मग निगेटिव्ह तिच्या हातात देऊन सांगणार, "आबांनी काय केलं असतं विचारत होतीस ना? त्यांनी हे केलं. आन् मी त्यांना मदत केली." तुमचा हार घातलेला फोटो तिथंच राहील. ती तुमच्याकडं आधीसारखं बघेल का न्हाई, ठाऊक न्हाई. पण त्या नववीतल्या पोरीच्या पायाखाली आपल्या घरातला पाट जाणार न्हाई. उद्या मी पल्लवीसोबत ग्रामसेवकाकडं जाणार हाय. अण्णांना म्हणावं, दुसरी नोटीस माझ्या नावानं पाठवा, माझं नाव मला लिहिता येतं.

आन् तुम्हाला एक वचन देते. तिथनं मी भांडगावला जाईन. मंगल माहेरी असेल, दुसरीकडं असेल, नसेल बी. विचारत जाईन. भेटली तर निगेटिव्ह देईन आन् तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर देईन. पाटावरनं उतरलीस तवा तू माझ्या खांद्याला लागत होतीस, बाई. एवढीच होतीस तू.

तुमची,
पल्लवीची आजी