माईच्या पायाचं माप

बदलापूर (पूर्व)
१४ नोव्हेंबर १९८८

चि. बाळ यास,
पद्मजाताईचे अ. आ. वि. वि.

आठ किलोमीटरवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला पत्र लिहिते आहे, कारण समोर आलास तर माझ्या तोंडून काय निघेल याची मला खात्री नाही. भाऊबीजेला ओवाळलं ते सण म्हणून. तू बासुंदी ओरपून निघून गेलास आणि मी माईच्या पायाला लेप लावत बसले.

तिचा घोटा अजून सुजलेला आहे. कातडं सोललंय तिथे पट्टी बांधली आहे. कशाने झालं म्हणून डॉक्टरांनी विचारलं, तर मुलाने हौसेने गाडी नवी केली म्हणून झालं असं सांगितलं. ते हसले. मला हसू आलं नाही.

गुडघ्यात स्टीलची पट्टी बसवल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, माईचा उजवा पाय वाकत नाही हे आपल्या गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या त्या जीपमध्ये अण्णांनी तिच्यासाठी पुढची सीट हातभर मागे सरकवली, पाय ठेवायला फळी ठोकली, वर धरायला चामड्याचा पट्टा टांगला. दिसायला ओबडधोबड होतं, पण माई बसू शकत होती. अण्णांचं वर्षश्राद्ध झालं आणि दोन महिन्यांत तू ते सगळं उपटून फेकलंस. आता तिथे लाल रेक्झिन, मखमली पडदे, गालिचा, आणि जिथे माईचा पाय जायचा नेमकं तिथेच टेपरेकॉर्डरचं खोकं! बिचारीने पाय त्या खोक्यावरून तिरका टाकला आणि अंबरनाथपासून इथवर प्रत्येक खड्ड्याला घोटा पत्र्यावर आपटून घेतला. तू टेपवर मोठ्याने नाट्यगीतं लावली होतीस, त्यामुळे तिचं कण्हणं तुला ऐकू आलं नाही.

दिवाळी झाली की विठामावशीकडे नेतो असं तू माईला कबूल केलं होतंस. मावशी ऐंशीच्या पुढची, अंथरुणाला खिळलेली. मुरबाडच्या पलीकडे एसटी सोडते तिथून तीन मैल नुसते दगडगोटे आहेत, टॅक्सीवाले मुरबाडातूनच हात जोडतात. जीपशिवाय माईला तिची बहीण दिसायची नाही. सगळ्या भावंडांत आता या दोघीच उरल्या आहेत.

ती जुनी सीट होती तशी बसव. तोवर माई माझ्याकडे राहील आणि तू इकडे फिरकू नकोस. चि. सौ. नीलिमाला आशीर्वाद, तिचा यात काही दोष नाही. लोभ आहे, तो वाढवायची मात्र सध्या घाई करू नये.

तुझी
ताई

अंबरनाथ
१७ नोव्हेंबर १९८८

ती. ताईस,
बाळचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमनचा हात भाजला नाही ना ते उद्या विचारतो.

मी रोज त्या जीपने कारखान्यात जातो. एमआयडीसीचे रस्ते तू कधी पाहिलेस? त्या लोखंडी सीटवर वर्षभर बसून माझ्या कंबरेचं काय झालं हे तुला कोणी कळवलं नाही, कारण मला तुझ्यासारखी पत्रं लिहिता येत नाहीत. उल्हासनगरच्या खेमचंदचं नाव दहा जणांनी सांगितलं. त्याने दोन दिवस पुठ्ठ्याची मापं कापून गाडीचा इंच न् इंच घेतला. ड्रॉइंगरूममध्ये बसल्यासारखं वाटलं नाही तर पैसे परत, असं छातीवर हात ठेवून म्हणाला. मला खरंच तसं वाटतं. माईलाही वाटावं म्हणूनच केलं होतं. भाऊबीजेची गंमत म्हणून तिला आधी दाखवली नाही, तिथे चुकलं. मान्य.

आणि ती फळी. ताई, शपथेवर सांगतो, ती पेट्रोलच्या डब्यासाठी आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. अण्णा जिवंत असेपर्यंत त्यांनी मला त्या गाडीला हात तरी लावू दिला का? मी मागच्या बाकावर. पुढे काय चाललंय ते मला माईच्या अंबाड्यापलीकडे कधी दिसलंच नाही.

आता तुझ्याविषयी. मे महिन्यात तुझ्या नणंदेच्या लग्नाला त्याच जीपमधून हॉलसमोर उतरायची तुला लाज वाटली होती. कोपऱ्यावर उतरून भर उन्हात पायी गेलीस. आत नुसता गोठा झालाय, जरा माणसांत आण त्या गाडीला, असं कोण म्हणालं होतं? पद्मजाबाईच ना? मग आता अण्णांच्या सीटचा एवढा पुळका कुठून आला?

नवी कोरी गाडी मी पुन्हा फोडणार नाही. मागे लांबलचक गादी केली आहे, माई पाय पसरून आडवी झाली तरी चालेल. मागून चढायला उंच पडतं, तर आम्ही चार जण तिला उचलून आत ठेवू. त्यात काय एवढं? मावशीकडे याच रविवारी निघतो, माईला तयार ठेव.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी जेवत जा, नाहीतर त्याचंही खापर माझ्यावर.

तुझा
बाळ

बदलापूर
२५ नोव्हेंबर १९८८

चि. बाळ,
अ. आ. वि. वि.

हो, लग्नात म्हणाले होते. पण गोठा साफ कर म्हटलं म्हणजे गाय हाकलून दे असं कोणी म्हटलं नव्हतं.

तुझं पत्र मी माईला वाचून दाखवलं. उचलून आत ठेवू, इथपर्यंत आले आणि तिने ताट बाजूला सारलं. रविवारी तू हॉर्न वाजवत दारात उभा राहिलास तेव्हा ती देवासमोर बसून राहिली, उठलीच नाही. तू वैतागून परत गेलास. तुला वाटलं मी तिला शिकवलं. माईला कोणी शिकवू शकलं असतं तर अण्णांनी नसतं का शिकवलं?

काल मावशीच्या जनूचं कार्ड आलं. मावशी पेजेवर आहे. दाराशी कोणाची चाहूल लागली की सखू आली का, म्हणून विचारते. सखू आपल्या माईचं माहेरचं नाव, हे तरी तुला ठाऊक आहे ना? जनू लिहितो की आणायचं असेल तर आता आणा. माईने ते कार्ड उशाखाली ठेवलं आहे.

तुला पुळका वाटतो त्याबद्दल एवढंच सांगते. अण्णा जन्मात कधी माईशी गोड बोलले नाहीत. आजारपणातही खेकसायचे. पण नऊ रविवार उन्हात बसून त्यांनी ती सीट केली. त्यांची माया जी काही होती ती त्या एका सीटमध्ये होती, आणि तू ती उपटून फेकलीस. मी त्या जीपला लाजले, हे मला रोज आठवतं. तुला निदान आजपासून आठवू दे.

आठ दिवसांत सीट जशीच्या तशी बसली पाहिजे. नाही बसली तर पुढच्या भाऊबीजेला मी पाट मांडणार नाही.

यापुढे काय लिहायचं ते तुझ्या उत्तरावर.

ताई

अंबरनाथ
१ डिसेंबर १९८८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खेमचंदकडे गेलो होतो. सीटचा सांगाडा भंगारवाला घेऊन गेला. फळी खेमचंदच्या बंबात जळली. ऐकून मी तिथेच स्टुलावर बसलो. त्याने चहा मागवला, तो मला गेला नाही. एवढं पुरे की अजून हवंय?

आता एकच उपाय आहे. अण्णांच्या साठीला जीपपाशी काढलेला फोटो तुझ्या कपाटात आहे. त्यात माई त्या सीटवर बसलेली आहे, पाय फळीवर दिसतो. तो फोटो भाऊजींबरोबर खेमचंदच्या दुकानात पाठव. फोटोवरून हुबेहूब तशीच बनवतो म्हणाला, फळीसकट, पट्ट्यासकट. सोमवारी मी गाडी त्याच्याकडे लावतो. आठवडाभर चालत जाईन कारखान्यात, तेवढंच तुझं समाधान. शनिवारी गाडी मिळेल, अकरा तारखेच्या रविवारी पहाटे निघू.

टेपचं खोकं काढायला सांगितलं आहे. पुळका म्हणालो ते मागे घेतो. बाकीचं काहीही मागे घेत नाही, कारण सगळ्यांनी मिळून मला एकट्याला धरलं आहे आणि माझ्या कंबरेचं कोणीच विचारलेलं नाही.

माईला साष्टांग. तिला सांग, अण्णांची सीट परत येते आहे.

बाळ

विठाच्या घरून, ता. मुरबाड
१० डिसेंबर १९८८

चि. बाळ व चि. सौ. पद्मजा,
माईचे आशीर्वाद.

दोघांना मिळून हे एकच पत्र आहे. नीलिमाच्या हाती देते. बाळने वाचून झालं की स्वतः बदलापूरला न्यावं आणि ताईच्या हातात द्यावं. पोस्टात टाकायचं नाही. पोस्टाने तुमचं काय भलं झालं ते मी महिनाभर पाहिलं.

बुधवारी मी नाहीशी झाले म्हणून घाबरला असाल. जरा घाबरा. पद्मजाला मी अंबरनाथला जाते म्हणून सांगितलं आणि रिक्षात मागच्या सीटवर आडवा पाय टाकून सरळ उल्हासनगर गाठलं. दुकान शोधायला वेळ लागला, पण सीटवाला खेमचंद म्हटलं की कोणीही सांगतं. दुकानात आमचा फोटो फळीवर उभा केलेला होता आणि तो शहाणा त्याच्यावर पट्टी धरून बसला होता. मी विचारलं की बाबा रे, कोणाच्या पायाचं माप घेतोस? त्याने फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि जीभ चावली. म्हणाला, भाभी, तीस वर्षं धंदा करतो, पण गाडीचं माप घ्यायची सवय, माणसाचं कोणी सांगितलंच नाही.

मग त्याने मला जीपमध्ये बसवलं. खाली पुठ्ठा धरला, माझा पाय त्यावर खडूने आखला, टाच कुठे येते, कंबरेला कुठे कळ लागते, एकेक विचारलं. पोरांनो, मी तिथे परक्या माणसासमोर रडले. नऊ वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या अण्णांनीसुद्धा नाही.

पद्मे, आता नीट ऐक. अण्णा पावणेसहा फूट, मी कशीबशी पावणेपाच. सीट केली तेव्हा ते स्वतः बसले, स्वतःचा पाय ताठ धरला आणि त्याचं माप घेतलं. माझी टाच त्या फळीला कधी लागलीच नाही. नऊ वर्षं माझा पाय अधांतरी. मी चादरीची घडी करून टाचेखाली घालायची आणि उतरताना पिशवीत लपवायची. मुरबाड येईपर्यंत कंबर मोडायची. त्यांना सांगितलं नाही, कारण ते गल्लीभर सांगत सुटले होते की हिच्यासाठी केली. ती माया होती हे मला तुझ्याकडून कळायला नको. पण तू त्या सीटवर एकदा तरी बसून पाहिलंस का? आणि मी गप्प राहिले त्याचा मला तुम्हा दोघांपेक्षा जास्त राग येतो, माझा मलाच.

बाळ, तुला मऊ बसायला हवं होतं, त्यात पाप नाही. कंबरेचं विचारलं नाही म्हणतोस. तूही मला सांगितलं नव्हतंस, रोज एका घरात जेवत होतो आपण. पण आईला चार जणांनी उचलून मागे ठेवायचं, हे लिहिताना तुझा हात कसा थांबला नाही?

खेमचंदने दोन दिवसांत सीट केली. रात्री मी अंबरनाथला न जाता त्याच्या म्हाताऱ्या आईपाशी राहिले, भली बाई आहे. शुक्रवारी नीलिमाला तिथे बोलावलं. गाडी तिने चालवली. तिला लायसन आहे, अण्णांनीच शिकवलं होतं. तू चालवू देत नाहीस म्हणून ती आजवर गप्प होती. तीन मैल दगडांतून आणलं तिने, आणि माझा पाय जागचा हलला नाही. पडदे मी काढून टाकले, वारा लागत नव्हता. गालिचा राहू दे, चांगला आहे.

आता विठाचं सांगते. ती मला ओळखत नाही.

जनू म्हणाला, मंगळवारपर्यंत सखू सखू करत होती. बुधवारी ताप चढला. उतरला तेव्हा डोकं पार रिकामं झालेलं. मी जवळ बसले, नाव सांगितलं, लहानपणीच्या खुणा सांगितल्या. तिने माझं तोंड चाचपलं आणि मला आई म्हणून हाक मारली. सखू कोण, ते तिला माहीत नाही. मला त्या नावाने हाक मारणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं.

भाऊबीजेपासून चार आठवडे होते. त्यात तुमची चार पत्रं झाली. मी पलीकडच्या खोलीत होते. दोघांपैकी एकानेही, माई, तुझं पाऊल कुठे टेकतं, एवढं विचारलं असतं तर खेमचंदला दोनच दिवस लागले असते.

मी इथेच राहणार, विठा आहे तोवर. बोलावीन तेव्हा नीलिमानेच मला न्यायला यावं. तुम्हाला यायचं असेल तर दोघं मागच्या गादीवर बसून या. नीलिमाला एक शब्द बोललास तर बघ.

लिहिणं आवरते. विठा आतून आई, आई करते आहे. मी ओ देते.

माई