बाराच्या वर बेड नाही

१ जुलै

अकरापैकी अकरा! वाचणार नाहीत म्हटलेले सगळे गेले, माझा तक्ता पुन्हा खरा ठरला. साठीपुढचा न्यूमोनियाचा रुग्ण आला की वय, ऑक्सिजन, मूत्रपिंड, रक्तदाब बघून गुण द्यायचे. बारा किंवा वर गेले की वाचत नाही, साध्या वॉर्डात पाठवायचं. बाराच्या खालच्यांत जो आधी आला त्याला आयसीयूत बेड. पेरूतल्या वांकावेलिकाच्या या अख्ख्या डोंगराला सहा व्हेंटिलेटर आहेत. कुणीतरी ठरवायला हवंच ना? मी निदान तोंड बघून ठरवत नाही.

गावाहून आईचा फोन. खोकत होती. वाळवणासाठी थंडीत गोठवलेले बटाटे तुडवायला पहाटे अनवाणी जाते म्हणे, ब्याऐंशीव्या वर्षी! रागावले. काढा घेतलाय म्हणाली.

३ जुलै

वरच्या वाडीतला फोर्तुनातो सेदान्यो आला. ओठ निळे. ओळखपत्रावर वय एक्याऐंशी. ऐंशीच्या पुढे तीन गुण, सत्तरीतल्याला एकच. याचे एकूण तेरा.

त्याची बहीण बासिलिया माझा कोट धरून बसली. "डॉक्टरबाई, तो कागद याचा नव्हे. तो आमच्या थोरल्या भावाचा. तो लहानपणीच खोकल्यानं गेला. मग हा झाला, आईनं याला तेच नाव दिलं, तोच कागद दिला. हा चौऱ्याहत्तरचा आहे."

जन्मनोंदीची कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर. कोण पुन्हा नोंद करायला जाणार! आमच्या गावातही असे निघतात, ठाऊक आहे मला. पण हल्ली जो तो वय कमी सांगतो. परवा एकानं नव्वदीच्या बापाला सत्तरचा केला होता. मी म्हटलं, कागद दाखवा. ती म्हणाली, पुतण्याला चर्चचं बाप्तिस्म्याचं पुस्तक बघायला पाठवते.

बेड त्याच्या मागून आलेल्या एका शाळामास्तरांना दिला. तक्त्याप्रमाणेच.

४ जुलै

माझ्यासोबतच्या डॉक्टर रेयातेगीशी भांडण झालं. तो जंगलाकडचा, नेहमी हसत टोचतो. कॉफी ढवळत म्हणाला, "बेड द्यायचा नाही, माणूस मेला की म्हणायचं तक्ता खरा! तुझं भविष्य कधी चुकणार तरी कसं, बाई?"

मी म्हटलं, तुला आकडेवारी कळत नाही. त्याला माझ्याहून चांगली कळते. दिवसभर चिडचिड झाली. नर्सवर उगाच ओरडले.

आईचा फोन लागत नाही.

५ जुलै

फोर्तुनातो दुपारी गेला.

तासाभरानं पुतण्या आला. मोबाइलवर चर्चच्या पुस्तकाच्या पानाचा फोटो. फोर्तुनातो सेदान्यो दोनदा. आईबाप तेच, मध्ये सात वर्षं. पहिल्यासमोर मृत्यूची खूण म्हणून क्रूस काढलेला.

म्हणजे चौऱ्याहत्तर. म्हणजे अकरा गुण. म्हणजे तो बेड त्याचा होता. फार लाज वाटली.

बासिलिया रडली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. खोकत खोकत एवढंच म्हणाली, "तुम्ही पण इथल्याच ना? तुम्हाला तर माहीत असायला हवं होतं."

नर्सनं तक्त्याखाली नेहमीसारखं लिहून ठेवलंय – बारापैकी बारा. मी खोडलं नाही. का खोडलं नाही?

६ जुलै

मास्तर बरे झाले, वॉर्डात हलवले. एक बेड रिकामा. चादर बदलून ठेवलीय. त्याच्याकडे बघवत नाही.

७ जुलै

सकाळी भावानं आईला गाडीत घालून आणलं. श्वास पुरत नाही. कागदावर ब्याऐंशी. गुण तेरा. तिच्यामागे पंधरा मिनिटांनी दुसरी म्हातारी दाखल झाली.

आईच्या कानाशी वाकले. म्हटलं, आई, तुझ्या आधी तुझ्या नावाचं कुणी होतं का गं? गेलेलं? आठव ना.

तिनं मान हलवली. "मीच थोरली, पोरी."

मी तक्त्यात पंच्याहत्तर लिहिलं. अकरा झाले. आई आत आहे.

बाहेर बाकावर ती दुसरी म्हातारी, बासिलिया सेदान्यो. वय अठ्ठ्याहत्तर. गुण दहा.