दोरा बांधलेलं अंडं

कैरो, मंगळवार, ४ जानेवारी १९३८
मडक्यात अंडं निघालं.
काल संध्याकाळी नेहमीसारखे मूठभर बाकल्याच्या शेंगांचे सुके दाणे, चमचाभर मसूर आणि पाणी घालून मडकं हमामाच्या पाणी तापवायच्या भट्टीवर दिलं. साऱ्या गल्लीची मडकी तिथं रात्रभर गरम राखेत असतात. सकाळी दाण्यांचा मुदम्मस लोण्यासारखा मऊ – आणि मधोमध तपकिरी झालेलं अंडं, त्याला लाल दोरा. मी काही अंडं घातलं नव्हतं. मांजराला टाकलं.

बुधवार
पुन्हा अंडं. पुन्हा दोरा.
भट्टीवाल्या शहाताला विचारलं. "अरे, मी काय कोंबडी आहे?" सगळे हसले. तो मात्र माझ्या नजरेला नजर देईना. काहीतरी लपवतोय.

गुरुवार, ६ जानेवारी
आजही तेच. शेजारीण उम्म रिझ्क म्हणाली, "लाल दोरा म्हणजे करणी, भाऊ. त्या मडक्यातलं तोंडात घालू नका." माझ्यासारख्या एकट्या विधुरावर करणी करून कुणाला काय मिळणार? तरी जीव धास्तावला. कोरडी रोटी खाल्ली. मुदम्मस पोटात गेला नाही तर दिवस उजाडल्यासारखाच वाटत नाही.

शनिवार, ८ जानेवारी
मांजर ठणठणीत. उलट जाड झालंय.
काल मडक्याचं तोंड कणकेनं लिंपून दिलं होतं. तरी आत अंडं! कणकेवर बोटांचे ठसे – माझे नव्हेत. बारीक. बाईमाणसाचे.

रविवार
दोऱ्याची गाठ सोडता सोडता हात थांबला. लहानपणी आम्हा दोघा भावंडांचं एकच मडकं असायचं. भांडण नको म्हणून आई माझ्या अंड्याला दोरा बांधायची. बहिणीचं, नबवियाचं, बिनदोऱ्याचं. हे आता तिच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?
बायकोच्या मयतीला ती दुसऱ्या दिवशी पोचली, म्हणून मी म्हणालो होतो, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." नऊ वर्षं झाली. बहिणीनं शब्द पाळला. दारात आली नाही, मडक्यापर्यंत आली.
अंडं खाल्लं. मीठ, जिरं लावून.
संध्याकाळी मडक्यात मीच एक अंडं घातलं. बिनदोऱ्याचं. आज कणीक लावली नाही.

सोमवार, १० जानेवारी
दोऱ्याचं अंडं नाही. माझं तसंच पडलेलं.
शहाता म्हणाला, "मावशींनी शपथ घातली होती, काका, म्हणून बोललो नाही. काल त्या आल्याच नाहीत. परवा भिंत धरधरून चालत होत्या."
तिचं अंडं रुमालात बांधलंय. निघतो.