आत्यानं दिलेला शब्द

प्रिय आत्या,

तुझी तेरवी झाली अन् पुढच्याच रविवारी माझा भाऊ देवलापारहून आपल्या वाडीच्या खोलीवर आला. चहा पिला, अन् सरळ म्हणे, आत्यानं शब्द दिला होता, तुझी लेक कविता माझ्या पोराले दे. म्हणून हे लिहून राहिली. जिवंतपणी तुझ्यासमोर मले सगळं कधी बोलता आलं वं?

आपल्या गोंडांत दूध लौटावाची रीतच आहे. ज्या घरची पोरगी सून म्हणून आणली, तिची लेक त्याच घरी परत द्याची. तू भावाची लेक म्हणून मले आणलं. सासू अन् आत्या एकच मिळाली. लोक म्हणत, पोरगी नशीबवान आहे. असेल.

माझा लेक, आपला राजू आठवते? थंडी पडली की हातपाय दुखतात म्हणून रडे. रक्त चढवून चढवून थकला, गेला. मंग दोनदा माझं पोट पडलं. तू भुमक्या पुजाऱ्याकडून पूजा बांधली अन् शेजारणीले सांगतलं, हिची कूसच खराब. तुझ्या पोराचं रक्त तपासा म्हटलं, तर तू म्हणे गडीमाणसाचं काय तपासाचं!

शेवटी धंतोलीच्या डॉक्टरीणबाईनं दोघांचंही तपासलं. सिकलसेल दोघांतही अर्धा-अर्धा; दोन्ही अर्धे एका लेकरात आले की पुरा आजार. एकमेकांच्या नात्यातले आहात का, बाईनं विचारलं. मले हसू आलं. घरी येऊन रडली.

तुले सांगतलं तेव्हा तू तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. तुझी एवढी बाळंतपणं, जगला तो एकटा माझा नवरा. लेकरं मरतात म्हणून जास्त होऊ द्यावे, एखादं तरी हाती लागते, असं तूच सांगे. मी विचारलं, मंग तुझी लेकरं काहून गेली? तू सूप खाली ठेवलं.

"देवानं नेली म्हणत होती, म्हणून जगली मी. आता माझ्याच रक्तानं नेली म्हणशील, तर मी काय करू वं?"

मी ते सूप उचलून तांदूळ निवडू लागली. पण एवढं कळूनही मरता मरता तू माझ्या भावाले शब्द दिला! याचा राग मले अजून येते.

कविता आपल्यासारखीच आहे, अर्धी. भावाले म्हटलं, पोराचं रक्त तपासून घे. तो म्हणे पोरगा बैलासारखा धडधाकट आहे, माहेरावर संशय घेते का? अन् उठून गेला. त्याच्या पोरात काय असेल, काय नसेल, मी कशी सांगू? मीही त्याच घरातली.

कविता दुसऱ्या घरी दिली तरी मामाचा मान म्हणून त्याले धोतर-लुगडं देईन. तो घेवो, न घेवो.

तुले देवाचं नाव तरी घेता आलं, आत्या. मले सगळं माहीत आहे, मले ती सोय नाही. म्हणून सांगून ठेवते, दोघांचं रक्त पाहिल्याबिगर कविताच्या अंगाले हळद लागू देणार नाही, मंग पोरगा माझ्या भावाचा असो की राजाचा.

तुझी भाची अन् सून,
शेवंता