आत्याला यमुना दाखवली

बाबा, आज आत्याला यमुनेवर फिरवून आणलं. पाय टम्म सुजलेत, ते कोमट पाण्यात सोडून लिहायला बसलेय. तुमची धाकटी बहीण आता माझ्या दंडाला धरून चालते, पण हट्ट तसाच आहे. आल्यापासून एकच टुमणं लावलंय तिनं. रिटायर झालीस, एकटी आहेस, दिल्लीतल्या या द्वारकेच्या फ्लॅटला कुलूप लाव आणि साताऱ्याला चल. माडीवरची खोली माझ्यासाठी रंगवून घेतलीय म्हणे. उद्या तिची गाडी आहे आणि त्याआधी तिला माझा होकार हवाय. मी आपली रोज "बघू" म्हणत चहा टाकायला उठते.

कुणाला दिल्ली दाखवायची म्हटलं की मला तुम्हीच आठवता. सरोजिनी नगरच्या आपल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये साताऱ्याहून कोणी ना कोणी यायचंच, हातात कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन, आणि तुमच्या सीएलच्या सगळ्या रजा त्यांना फिरवण्यात संपायच्या. लाल किल्ला, राजघाट आणि शेवटी हमखास यमुना. एकदाचं तर अजून डोळ्यांसमोर आहे: आई रेतीवर चादर अंथरतेय, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढतेय, आणि मी वासाने हैराण होऊन नाकाला ओढणी लावतेय. तुम्ही सगळ्यांसमोर माझा हात खाली ओढलात. "आपण इथे पाहुणे आहोत," म्हणालात. "पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात नाक मुरडू नये." मी तिथेच रडले होते. सगळी नोकरी दिल्लीत काढलीत, तरी कुणी विचारलं की "हम तो सातारा के हैं," हेच तुमचं उत्तर. रिटायर झालो की परत जायचं, असं म्हणत म्हणत त्याआधीच गेलात. याच नदीकाठी तुम्हाला अग्नी दिला. अस्थी आत्याने माहुलीच्या संगमावर नेल्या, तेवढे तरी घरी पोचलात.

आता कश्मीरी गेटच्या बाजूला छान दगडी घाट बांधलाय. बसायला बाक आहेत, हिरवळ आहे, लोक हळूहळू फिरतात, फोटो काढतात. थंडीचे पांढरे पक्षी आलेत, आणि नाववाले "आओ, आओ" ओरडत त्यांना शेव टाकतात. पाणी मात्र तसंच काळं. आत्याने दोन पायऱ्या उतरताच नाकाला पदर लावला आणि म्हणाली, अगं, असल्या ठिकाणी तुम्ही राहता कसे? मला एकदम राग आला, बाबा. इतका, की माझं मलाच नवल वाटलं.

"आत्या, पदर काढ," मी म्हटलं.

तिने गुपचूप काढला. तेवढ्यात एक तरुण जोडपं आलं, बाहेरगावचं असावं. राजघाटला इथून कसं जायचं, विचारत होतं. मी सांगितलं. मुलगी म्हणाली, "आंटी, आप यहीं की हैं?"

"हां बेटा, यहीं की हूं."

तुम्ही असताना हे कधी तोंडातून निघालं नसतं. तुम्हाला वाईट वाटलं असतं. आत्याला वाटलंच. बाकावर बसून ती कितीतरी वेळ त्या पक्ष्यांकडे बघत राहिली. मी खूप दमलेय, बाबा. जन्मभर दुसऱ्यांना फिरवलं, खाऊ घातलं, स्टेशनवर सोडलं. आता माडीवरच्या खोलीत कुणाची तरी पाहुणी होऊन, वेळेवर जेवायला खाली उतरायची ताकद नाही माझ्यात. परतताना मेट्रोत आत्याने माझा हात मांडीवर घेतला आणि हळूच विचारलं, "मग त्या खोलीला कुलूप लावू ना?" मी मानेनंच हो म्हटलं.

आत्या आत झोपलीय. हे पत्र पाठवायचं कुठे, आपलं क्वार्टरही पाडलं, तिथे आता उंच टॉवर उभे आहेत. डाळीच्या डब्याखाली ठेवून देईन. आणि एक सांगायचं राहिलंच. आत्याच्या आधी नाकाला रुमाल मीच लावला होता. पण मी इथली आहे, बाबा. मला चालतं.