आईचं "हो" आणि आमची पुढची खोली

सुदामा नगर, मंगळवार संध्याकाळ

आज कम्प्युटर क्लासमध्ये सर म्हणाले, प्रोग्रॅमने मेमरी मागितली की सिस्टम लगेच हो म्हणते; खरी जागा शोधते तो वापरायला लागला की. मला आईच आठवली! पुढची खोली तिने मला कम्प्युटरसाठी कबूल केलीय, आत्याला शिलाई मशीनसाठी आणि शेजारच्या भाभीजींना पापडाच्या डब्यांसाठी. सगळ्यांना एकच, "हो, ठेवा ना!" आणि त्या खोलीत आधीच, मिल बंद होऊन काम गेल्यापासून खाटेवर पडून असलेले बाबा.

आज आत्या मशीन घेऊन आली, मागोमाग भाभीजी डबे घेऊन. मी हसत म्हटलं, "आई, जागा संपली की सिस्टम सगळ्यात जास्त जागा अडवणाऱ्याला बंद करते."

सगळ्यांनी खाटेकडे बघितलं. माझी जीभ अशी का चालते?

"अरे भिया, म्हणजे नंबर आपला!" सगळ्यांनाच भिया, म्हणजे भाऊ, म्हणणारे बाबा उठले. खाट भिंतीला उभी केली आणि आत्याच्या मशीनला तेल घालायला बसले.

अजून तिथेच आहेत. आई फाटकाशी पुन्हा कुणाला तरी म्हणतेय, "हो, ठेवा ना!" म्हणू दे. खाट टाकायला जागा उरली नाही तर बरंच.