तोकिवातले भुकेले प्रेक्षक

हागी, ४ मे १९८६

ती. चिझुएताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाबांचं तोकिवा थिएटर विकून तिथे गाड्यांचा तळ होऊ द्यायचा, हे तुझं म्हणणं चुकीचं नाही. निम्मा वाटा तुझा आहे. पण सही करायला हा महिना थांब. एक सिनेमा आणलाय. कसला म्हणशील तर मलाच सांगता येत नाही! सामुराई खानावळवाल्याला मारायला येतो, आधी रस्सा चाखतो आणि तिथेच भांडी घासायला राहतो. पुढे चोरीचा तपास, मग प्रेम, आणि सगळीकडे नुसता हशा. पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, तलवार काढू की बाई? म्हटलं, वाडगा काढ बाबा.

एवढा हट्ट पुरव. माया आहेच, ती राहू दे.
तुझा तेरुहिसा

ओसाका, ९ मे

चि. तेरुहिसास अनेक आशीर्वाद.

थांबते. पण लोक हल्ली घरी टीव्हीसमोर जेवतात रे. मी तरी काय करते? हे गेल्यापासून चार घास गिळायचे आणि आडवं व्हायचं. थिएटर भरलं का ते कळव. थापा नकोत.

तब्येतीला जप, राग धरू नकोस.
तुझी ताई

हागी, २० मे

ती. ताईस सा. न.

भरलं! आणि निम्म्यात रिकामंही झालं. पडद्यावर रस्सा उकळायला लागला की जो तो उठतो आणि समोर किनुमावशीच्या दुकानात रश्शातल्या उदोन शेवया खायला पळतो. मी कपाळावर हात मारून घेतला. शेवटी मावशीच भडकली. म्हणाली, अर्धवट माणसांना माझ्याकडे वाडगा नाही! आता ती खेळ संपेपर्यंत दुकान बंद ठेवते, स्वतः पहिल्या रांगेत बसते आणि नंतर दारात उभी राहून प्रत्येकाला शेवट विचारते. एकाने सामुराई मेला म्हणून ठोकून दिलं, त्याला उपाशी परत पाठवलं. हल्ली शेवटपर्यंत कुणी हलत नाही.

तुला ही थापच वाटणार. ये, बघ, मग सही कर.
लोभ आटवू नकोस,
तेरु

ओसाका, १ जून

चि. तेरूस आशीर्वाद.

शुक्रवारी मी गुपचूप येऊन गेले. तुझं तोंड पाहिलं असतं तर मन पाघळलं असतं, म्हणून भेटले नाही. शेवटच्या रांगेत बसले. रस्सा उकळू लागला आणि शेजारच्या आजोबांचं पोट गुरगुरलं. पुढे आणखी कुणाचं तरी. मग माझं! इश्श, किती जोरात! अख्खी रांग हसली. मी लाजून अर्धी झाले, आणि मग मलाही हसू आवरेना.

तेरु, हे गेल्यापासून मला भूक अशी लागलीच नव्हती रे. खाणं टीव्हीवरही दाखवतात, पण हसायला शेजारी कोण असतं? मावशीला शेवट बरोबर सांगितला, दोन वाडगे संपवले आणि तिथेच रडले. मावशीने चहा आणून ठेवला.

सही करणार नाही. जागा विकत घेणाऱ्या माणसाला तसं कळवलंय. पुढल्या महिन्यात हागीला येते, कायमची. तिकिटं मी फाडीन. मला आता एकटीने जेवायचं नाही.

तुझीच,
ताई